तरवड आणि जिती कातडी

माझ्या आज्जाचे हात कोपराखालपर्यंत तांबूस होते. कोपराच्या चार बोटं खाली एक रेघ होती. त्या रेघेच्या वर चारचौघांसारखी सावळी कातडी, खाली विटेच्या रंगाची. नखं तर पार काळपट. साबणानं, मातीनं, दगडानं घासलं तरी तो रंग निघायचा नाही. मी लहानपणी त्याच्या मांडीवर बसून ती रेघ बोटानं गिरवायचे. सगळ्यांच्याच आज्जाला अशी रेघ असते, असं मला तेव्हा वाटायचं.

रंग बाभळीच्या सालीचा होता. आज्जा कातडं कमवायचा.

कमावणं हा शब्द आमच्या भागात तीन ठिकाणी ऐकू येतो. माणूस पैसा कमावतो, तालमीतला पोरगा अंग कमावतो, आणि आमच्यासारख्या घरात कातडं कमावतात. तिन्हीकडं अर्थ एकच: कच्चं होतं, मेहनत घातली, टिकाऊ झालं. आमची जात ढोर, म्हणजे पिढीजात काम हेच. पुढं त्या कातड्याच्या चपला दुसरे कारागीर करायचे आणि त्या कोल्हापुरातल्या महाद्वार रोडच्या दुकानांत टांगलेल्या दिसायच्या. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात कारागिरांचे फोटो आले. ते बघून आनंद झालाच, पण चपलेच्या आधीचं ते कातडं, त्याच्या आधीचा चुन्याचा हौद आणि सालीचं पाणी, हे कुणाच्या डोळ्यांपुढं येत असेल का, असंही मनात आलं. म्हणून आधी तेच सांगते.

म्हशीचं कातडं आलं की पहिल्यांदा मीठ धुवून काढायचं. मग चुन्याच्या हौदात. आठ-दहा दिवसांनी केस हातानं ओढले तरी निघतात. मग आतल्या बाजूचं मांस दोन मुठींच्या सुरीनं खरवडायचं, चुना धुवून काढायचा, आणि सालीच्या पाण्यात बुडवायचं. शेवटचा भाग मला फार आवडायचा. कातडं दुमडून कडेनं शिवायचं, त्याची मोठी पिशवी करायची, ती आडव्या वाशाला टांगायची. पिशवीत बाभळीच्या सालीची आणि हिरड्याची भरड भरायची आणि वरून पाणी ओतायचं. ते पाणी कातड्यातून झिरपत झिरपत खाली थेंब थेंब पडायचं. खालच्या घमेल्यात साठलं की पुन्हा वर. दिवसभर हेच. रात्री अंथरुणात पडलं की छपरातून ते टप टप ऐकू यायचं. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे वरची बाजू खाली येऊन तिलाही सारखं पाणी मिळतं.

कातडं झालं की नाही हे आज्जा कसं ओळखायचा? कडेचा एक तुकडा सुरीनं कापायचा आणि कापलेली धार उजेडाकडं धरायचा. आरपार एकच तांबूस रंग असेल तर झालं.

‘‘मधी पांढरी रेघ दिसली की समजायचं, आजून कच्चं हाय. साल आत पोचली न्हाई.’’

हे वाक्य मला पुढं एका प्रयोगशाळेत, रात्री नऊ वाजता आठवलं. त्याचीच ही गोष्ट आहे.

शाळेत माझ्या दप्तराला वास यायचा. बाकावर शेजारी बसणारी मुलगी एक दिवस जागा बदलून गेली, कुणी काही बोललं नाही. मी अभ्यासाला चिकटून राहिले. बारावीला रसायनशास्त्र आवडलं, पुढं जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि प्रकल्पासाठी वनस्पती निवडायची वेळ आली. वर्गातल्या बहुतेकांनी तुळस, शेवगा, कोरफड असं काही घेतलं होतं. मी तरवड घेतला.

तरवड ओळखत नाही असा आमच्याकडं माणूस नसेल, फक्त नाव माहीत नसतं. हातकणंगल्याच्या बाजूला, शिरोळकडं, माळरानावर आणि रस्त्याच्या कडेला कमरेएवढी-छातीएवढी झुडपं असतात. पावसाळा सरता सरता पिवळीधमक होतात. नवरात्रात घटावर माळ चढवायला हीच फुलं आणतात. अंबाबाईच्या कोल्हापुरात घट बसले की बाजारात तरवडाच्या फुलांचे ढीग येतात. पान चिंचेसारखं, दोन्ही बाजूंनी जोड्या-जोड्यांनी पानं. खरी खूण मात्र देठाच्या बुडाशी. तिथं दोन मोठी, गोल, कानाच्या पाळीसारखी पानं असतात. शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. त्यातल्या ऑरिक्युलाटाचा अर्थच कान असलेली. याचाच भाऊ टाकळा. त्याची कोवळी भाजी आपण पावसाळ्यात खातो आणि गजकर्णावर त्याचा पाला चोळायची रीतही जुनी आहे. टाकळ्याच्या बुडाशी असे कान नसतात.

इंग्रजीत या तरवडाला टॅनर्स कॅसिया म्हणतात, म्हणजे कातडं कमावणाऱ्यांचा. तमिळनाडूत याच्या सालीवर पिढ्यानपिढ्या कातडी कमावली गेली. हे मी ग्रंथालयात वाचलं आणि त्याच दिवशी विषय ठरवला. मार्गदर्शक सरांना सांगताना मात्र मी एवढंच म्हणाले, की पानांमध्ये फिनॉल, म्हणजे सालीतल्या तुरट द्रव्यांच्या गटातली द्रव्यं, भरपूर असतील असं वाटतं.

घरी आज्जाला पान दाखवलं. त्यानं ते तोंडात घातलं, दाढेखाली चावलं, जीभ टाळ्याला लावून बघितली. सालीच्या पाण्याची ताकदही तो अशीच जिभेवर बघायचा.

‘‘तुरट हाय. पर सालीएवढं न्हाई. पान कशाला घेतलंस? साल घ्यायची.’’

‘‘साल काढली की झुडूप मरतंय आज्जा. पान तोडलं तर पुन्हा येतंय.’’

त्याला हे पटलं.

पानं सावलीत वाळवायची, उन्हात नाही. उन्हात वाळवली तर ज्यासाठी आपण धडपडतोय तीच द्रव्यं आधी खर्ची पडतात. आठ-दहा दिवसांत पानं हातात चुरगळायला लागली की मिक्सरमधून काढायची, ती पूड कागदी नळीत भरायची आणि सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात ठेवायची. खाली मिथेनॉल उकळतं, वाफ वर जाते, थंड होऊन थेंब थेंब पुडीवर पडते, नळी भरली की एकदम सगळं खाली ओढलं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून. मी पहिल्या दिवशी स्टूल ओढून त्याच्यासमोर दोन तास बसले. टप टप थेंब, तळाशी गडद होत जाणारं पाणी, पुन्हा वर, पुन्हा खाली. वाशाला टांगलेली ती पिशवीच होती ती, काचेची.

अर्क तयार झाला की पहिली चाचणी त्यात एकूण फिनॉल किती हे बघायची. फोलिन नावाचं पिवळं द्रावण घालतात, मग सोडा; फिनॉल असेल तर निळं होतं. जेवढं जास्त तेवढं निळं. तरवडाचं पान भरपूर निळं झालं.

मग डीपीपीएच. वनस्पतींच्या अर्कावर काम करणारी आपल्याकडची बहुतेक मुलं याच दारातून आत येतात. ही एक जांभळी भुकटी. तिच्या रेणूवर एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो. असे रेणू अस्वस्थ असतात, जवळच्या कुणाकडून तरी इलेक्ट्रॉन ओढून घेऊ बघतात. यांनाच फ्री रॅडिकल म्हणतात. समोर अँटिऑक्सिडंट आला, की तो आपल्याकडचा एक हायड्रोजन देऊन टाकतो, रेणू शांत होतो आणि जांभळा रंग जाऊन पिवळा येतो. परीक्षानळ्या अर्धा तास अंधारात ठेवायच्या, मग ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात किती जांभळा उरला ते मोजायचं. ब्लॉइस यांनी ही पद्धत १९५८ मध्ये मांडली आणि अजून ती रोज हजारो टेबलांवर चालू असेल. कपाटाचं दार उघडून मी नळ्या बाहेर काढल्या तेव्हा डावीकडून उजवीकडं जांभळा, गुलाबी, अबोली, पिवळा असा उतरता रंग लागला होता. तो फोटो मी अजून ठेवलाय. शेजारच्या रांगेत व्हिटॅमिन सी होतं. त्याला तेवढाच रंग घालवायला खूप कमी मात्रा लागली. पण तरवडाचं पानही मागं नव्हतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. डीपीपीएच आपल्या शरीरात कुठंही नसतं. ती कारखान्यात केलेली भुकटी आहे. चहा, आवळा, डाळिंबाची साल, पेरूचं पान, यांतलं काहीही घातलं तरी ती पिवळी होते. रंग गेला म्हणजे अर्कात इलेक्ट्रॉन द्यायची ऐपत आहे, एवढंच त्यातून कळतं. आपल्या कातडीत हे काम कोण करतं, ती वेगळी आणि मला वाटतं याहून कितीतरी सुंदर गोष्ट आहे.

कातडीवर ऊन पडतं. त्यातले अतिनील किरण पेशींत शिरतात आणि तिथल्या ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड नावाचं चिडकं रूप तयार होतं. ते शांत करायला पेशीकडं स्वतःचं एन्झाइम (रासायनिक क्रिया वेगानं घडवणारं द्रव्य) असतं, सुपरऑक्साइड डिसम्युटेज. १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठात इर्विन फ्रिडोविच आणि त्यांचा विद्यार्थी जो मॅकॉर्ड यांनी ते ओळखलं. त्याच्या पोटात तांबं आणि जस्त असतं. ते सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. पेरॉक्साइडही घातकच, म्हणून पुढचं एन्झाइम, कॅटलेज, त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. कॅटलेजचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कच्च्या बटाट्याच्या फोडीवर मेडिकलमधून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, बटाटा फेसाळतो. बटाटा उकडून घेतला की फेस येत नाही, कारण उष्णतेनं कॅटलेज मेलेलं असतं. गावच्या शाळेत पोरांना मी हे करून दाखवलं, तेव्हा शेवटच्या बाकावरची दोन पोरं उठून टेबलापाशी आली होती.

ही पहारेकरी जोडी कमी पडली की पुढचं घडतं. कातडीच्या खालच्या थराच्या कोरड्या वजनात पाऊण भाग कोलॅजन असतो; दोरासारखी पिळाची प्रथिनं, त्यांच्यावरच कातडीचा ताण उभा असतो. मिशिगन विद्यापीठाचे गॅरी फिशर आणि जॉन वूरहीस यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की थोड्याशा अतिनील किरणांनीही माणसाच्या कातडीत कोलॅजन तोडणारी एन्झाइमं वाढतात. तुटलेलं कोलॅजन दुरुस्त होतं, पण अगदी पहिल्यासारखं होत नाही. रोजच्या उन्हाची ही अपुरी दुरुस्ती साठत जाते आणि पुढं सुरकुती म्हणून चेहऱ्यावर दिसते.

म्हणून पुढची चाचणी अर्क त्या तोडणाऱ्या एन्झाइमांना थांबवतो का, ही. कोलॅजन तोडणारं कोलॅजनेज, लवचिकपणा देणारं इलास्टिन तोडणारं इलास्टेज, आणि रंगद्रव्य बनवणारं टायरोसिनेज. टायरोसिनेज तुम्हाला स्वयंपाकघरातून माहीत आहे. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ते त्याच्याच भावकीतल्या एन्झाइममुळं. प्रयोगशाळेत मात्र ही एन्झाइमं माणसाची नसतात. कोलॅजनेज एका जीवाणूचं, इलास्टेज डुकराच्या स्वादुपिंडातलं, टायरोसिनेज आळिंब्यांचं. माणसाचं एन्झाइम मिळवणं महाग आणि अवघड, म्हणून सगळं जग हे वापरतं. आळिंब्याचं टायरोसिनेज आणि माणसाचं टायरोसिनेज सारखं वागत नाही, हेही आता चांगलं माहीत झालंय. तरी जाहिरातीत ओळ येते ती आळिंब्याच्या जोरावर.

त्या रात्री प्रयोगशाळेत मी आणि एक ज्युनियर मुलगी दोघीच होतो. शहाण्णव छोट्या खळग्यांची प्लॅस्टिकची ताटली, तिच्यात एन्झाइम, मग वाढत्या मात्रेनं अर्क. आकडे आले ते बघून ती मुलगी टाळ्या वाजवायला लागली. कोलॅजनेजचं काम जवळजवळ बंद. इलास्टेजही मंद. एवढा चांगला निकाल आमच्या टेबलावर पूर्वी आलेला नव्हता.

मी ताटली उचलून दिव्याकडं धरली, काही कारण नव्हतं, सवय. जास्त मात्रेच्या खळग्यांत पाणी नितळ नव्हतं. किंचित गढूळ. ताकाच्या निवळीत असतं तसं. बोटानं ताटली हलवली तर तळाशी बारीक कण फिरले.

हे गढूळ पाणी मी कुठंतरी पाहिलं होतं. खरवडलेल्या कातड्याचं धुवण सालीच्या पाण्यात सांडलं की असंच व्हायचं. आज्जा ओरडायचा, पाणी फुकट घालवू नका म्हणून. टॅनिन म्हणजे तुरट पदार्थ, आणि टॅनिनला प्रथिन दिसलं की ते त्याला मिठी मारतं. कच्चं केळं किंवा सुपारी खाल्ल्यावर तोंड आकसतं ते याचमुळं, लाळेतली प्रथिनं टॅनिन धरून बसतं. कातड्यातल्या कोलॅजनला धरून बसलं की कातडं कुजत नाही, कुजवणाऱ्या जीवाणूंची एन्झाइमं त्या दोरांना तोडू शकत नाहीत. यालाच कमावणं म्हणतात. आणि एन्झाइम? एन्झाइमसुद्धा प्रथिनच.

माझ्या अर्कानं कोलॅजनेजला कुलूप लावलं नव्हतं. त्यानं कोलॅजनेज कमावलं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्क पीव्हीपीपी नावाच्या पांढऱ्या भुकटीतून काढला. ती टॅनिन धरून ठेवते. बिअर नितळ करायलाही तीच वापरतात. टॅनिन गेलेला अर्क पुन्हा त्याच एन्झाइमांवर घातला. थांबवण्याची बरीचशी ताकद गेली. पूर्ण गेली नाही, काही बारीक फ्लॅवोनॉइड, म्हणजे वनस्पतींतली लहान रेणूंची द्रव्यं, उरली असतील, ती कोलॅजनेजच्या पोटातलं जस्त धरून बसतात असं मानतात. पण त्या रात्रीच्या टाळ्या ज्यावर होत्या ते यात नव्हतं. मी सरांकडं गेले तेव्हा घसा कोरडा पडला होता. प्रकल्पाचं शीर्षकच जायचं भय होतं. सर बराच वेळ दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून बघत बसले. मग म्हणाले, ‘‘लिहा. दोन्ही लिहा.’’ त्यांच्याबद्दल मला जो आदर आहे तो त्या तीन शब्दांपासून आहे.

पण माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न बसला होता. आज्जाचे हात चाळीस वर्षं त्या पाण्यात होते. रोज, कोपरापर्यंत. म्हशीचं जाड कातडं त्या पाण्यात महिन्याभरात कमावलं जायचं. मग आज्जाचा हात का कमावला गेला नाही? त्याची बोटं शेवटपर्यंत मऊ वळायची, जखम झाली तर भरायची. तो दोन महिने माझ्या आत्याकडं राहून आला तेव्हा हात बराच उजळला होता, नखांचा रंग तेवढा मागं राहिला होता. म्हणजे रंग वरच होता. मधली रेघ, आज्जाच्या भाषेत, पांढरीच होती.

दिवाळीला गावी गेले तेव्हा विचारलं.

तो चटकन म्हणाला, ‘‘चुना न्हाई का दिला!’’

मला कळलं नाही. तो पुढं सरकून बसला.

‘‘आगं, चुना केसांसाठी म्हणत्यात, पर खरा चुना वरच्या पापुद्र्यासाठी. त्यो पापुद्रा निघाल्याबिगर साल आत शिरत न्हाई. चुना कमी पडलेलं कातडं चार म्हैनं ठेव सालीत, वरनं लाल आन मधी पांढरं. माज्या हातास्नी कोन चुना देतंय?’’

हेच मी पुस्तकांत निराळ्या शब्दांत वाचलं होतं. आपल्या कातडीच्या सगळ्यात वर मेलेल्या पेशींचा एक थर असतो, अंगाच्या बहुतेक भागावर वहीच्या कागदाहूनही पातळ. विटा रचून मधे चुनखडी भरावी तशा पेशी आणि त्यांच्यामधे मेद. तो थर बाहेरचं फारसं काही आत येऊ देत नाही. नेदरलँड्सच्या बॉस आणि मेनार्डी यांनी २००० साली एक ठोकताळा मांडला, की ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) जड रेणू धडधाकट कातडीतून सहसा आत जात नाही. व्हिटॅमिन सी १७६ चं. गॅलिक आम्ल १७० चं. पण हिरड्यातलं चेब्युलिनिक आम्ल साडेनऊशेच्या पुढं, आणि बाभळीच्या सालीतली टॅनिनं त्याहूनही मोठी असू शकतात. आणि हलका रेणूही केवळ हलका म्हणून आत जातो असं नाही, त्याला त्या मेदातून वाट काढता यायला हवी. कोलॅजन या सगळ्याच्या खाली, आणखी एक पूर्ण थर ओलांडून. चाळीस वर्षं, रोज आठ तास, ताज्या काढ्यात बुडवलेल्या हातात जे पोचलं नाही, ते चेहऱ्यावर रात्री लावलेल्या बोटभर क्रीममधून कितपत पोचेल, याचा विचार मी तेव्हापासून प्रत्येक जाहिरातीपुढं करते.

त्यापुढचा विचार मला आणखी मोलाचा वाटतो. समजा पोचलंच, तर? कोलॅजनेज बंद करणं चांगलं, असं आम्ही सगळे निबंधात गृहीत धरून लिहितो. पण प्राण्यांच्या अंगातलं हे एन्झाइम पहिल्यांदा सापडलं कुठं? १९६२ मध्ये, म्हणजे आपलं शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं त्याच वर्षी, जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांना ते बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत सापडलं. बेडूकमासा मोठा होतो तेव्हा त्याची शेपटी गळून पडत नाही, ती अंगातच विरघळते. ते विरघळवणारं हे एन्झाइम. आपली जखम भरताना, खपलीखाली नवी कातडी पसरताना तेच कामाला येतं. जिती कातडी रोज थोडी मोडते आणि रोज थोडी बांधते. ती मोडतोड कायमची थांबवली की कातडं खरंच टिकतं, वर्षानुवर्षं टिकतं. पण मग ते पायात घालायचं असतं.

मला कातडी टिकवायची आहे हे खरं. थांबवायची नाही.

पानांच्या अर्काला म्हणून मी टाकाऊ म्हणत नाही. काही वनस्पतींच्या बारीक रेणूंनी पेशींची स्वतःची डिसम्युटेज, कॅटलेज वाढतात, असं पेशींवरच्या प्रयोगांत दिसतं. पेशीत एनआरएफ-टू नावाचं एक प्रथिन आहे, ते जागं झालं की ही सगळी पहारेकरी मंडळी जास्त तयार होतात. मला तो रस्ता खरा वाटतो. बाहेरून कुमक पाठवण्यापेक्षा आतल्यांना जागं करणं. त्यासाठी जित्या पेशी वाढवणारी प्रयोगशाळा लागते, वेळ लागतो, पैसा लागतो, आणि शेवटी माणसांवर नीट चाचणी लागते.

माझ्या मावशीच्या बचत गटानं गेल्या वर्षी साबण करायला घेतले. तरवडाच्या पानांचा काढा घालून. रंग सुंदर आला, मेंदीसारखा. मावशीनं मला फोन केला, ‘‘तू शिकलीयास, वेष्टनावर काय लिहायचं सांग. सुरकुत्या जातात असं लिहिलं तर खपंल की.’’ एका व्यापाऱ्यानं त्यांना तसं लिहून दिलं तर पन्नास पेट्या एकदम घेतो म्हणून सांगितलं होतं. गटात पंधरा बायका. दोघींच्या घरात तेवढीच कमाई. मी दोन दिवस उत्तर देऊ शकले नाही. आकडे माझ्याकडं होते, आलेख होते, ‘कोलॅजनेज रोखते’ हे वाक्य खोटंही नव्हतं. शेवटी मावशीला समोर बसवून आज्जाच्या हाताची गोष्ट सांगितली. तिनं तो हात लहानपणापासून बघितलेला, तिला आळिंबी आणि डाल्टन काही सांगावं लागलं नाही. वेष्टनावर आम्ही ‘तरवडाच्या पानांचा साबण, हातानं बनवलेला’ असं लिहिलं. व्यापारी गेला. नवरात्रात कपिलतीर्थ मंडईजवळ बसून बायकांनी सुट्टे विकले. पन्नास पेट्यांएवढे गेले नाहीत.

आता आज्जीबद्दल. ती आज्जापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण दोघं शेजारी बसली की तीच थोरली वाटायची. तिचा चेहरा कोरड्या तळ्याच्या गाळासारखा, मानेवर चौकटी चौकटी, गालांवर काळे डाग. आज्जाचा चेहरा त्या मानानं कितीतरी नितळ. बायकांत कुणी म्हणायचं, सालीच्या वाफेचा गुण. मीही कधीकाळी तसंच धरून चालले होते, आणि तरवड निवडण्यामागं कुठंतरी तेही होतं.

मागच्या उन्हाळ्यात तिला अंघोळीला मदत करताना तिच्या दंडाची आतली बाजू हातात आली. तिथली कातडी मऊ, एकसारखी, एक डाग नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची तीच बाई, तेच रक्त, तेच खाणं. दंडाची बाहेरची बाजू आणि आतली बाजू, मधे एका वितीचं अंतर. त्वचेचे डॉक्टर अशीच तुलना करतात, ऊन लागलेली आणि न लागलेली. मी हात धरून तशीच उभी राहिले, ती म्हणाली, पाणी गार होतंय.

आज्जा आयुष्यभर छपराखाली उभा होता. साल छपराखाली, हौद छपराखाली. आज्जी सालीच्या मोळ्या उन्हातून आणायची, कातडी उन्हात पसरायची, आणि उरलेल्या दिवसांत लोकांच्या उसात भांगलायला जायची, अकरा ते पाच. फरक सालीचा नव्हता, छपराचा होता.

ती अजून जाते. नको म्हटलं तरी जाते, घरात बसून अंग आखडतं म्हणते. आमच्याकडं बायका शेतात जाताना साडीवर पुरुषाचा जुना शर्ट घालतात, उसाच्या पात्यानं हात चिरू नयेत म्हणून. तिचा शर्ट अर्ध्या बाह्यांचा होता. या वेळी मी बाबांचा पूर्ण बाह्यांचा, जाड कापडाचा शर्ट काढून ठेवला, कॉलर उभी राहील असा. डोक्याला मोठा टॉवेल. तिनं कुरकुर केली, गरम होतंय म्हणाली. मग ओट्यावर बसून एक हात पुढं केला. मी मनगटाचं बटण लावलं. तिनं दुसरा हात पुढं केला.